दिवे लावले की काटा का सरकतो?

प्रश्न : मुलुंड येथील चौपन्न वर्षांचे एक वाचक लिहितात : वडिलांनी १९९८ साली घेतलेली छोटी पेट्रोल मोटार आता माझ्याकडे आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात ती कलिन्याला आसनांपर्यंत पाण्यात उभी होती. दुरुस्तीनंतर मात्र चांगली चालली. २०१३ पासून दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण केले असून आताची मुदत २०२८ पर्यंत आहे. गेल्या पावसाळ्यापासून हेडलाइट लावले की तापमानाचा काटा वर चढतो आणि पेट्रोलचा काटा खाली येतो. सिग्नलला ब्रेक दाबून थांबलो की पेट्रोलचा काटा आणखी उतरतो. इंडिकेटर दिला की डॅशबोर्डवरचे दिवे त्याच तालात मंद होतात, आणि रात्री बॅटरीचा लाल दिवा कधीकधी अगदी फिकट पेटलेला दिसतो. टाकीतला फ्लोट बदलला, बॅटरी नवी घेतली, फरक पडला नाही. इलेक्ट्रिशियन जुन्या बाजारातून पूर्ण मीटर आणून बसवू आणि वायरिंग नवे करू म्हणतो. खर्च अठरा हजार. धाकटा भाऊ म्हणतो, पंधरा वर्षांवरची गाडी चालवणे मुळात बेकायदा आहे, भंगारात दे. आग लागेल या भीतीने पत्नी रात्री गाडीत बसत नाही. मी काट्यांकडे पाहणेच सोडले आहे. मीटर बदलावे, की गाडी काढून टाकावी?

उत्तर : नमस्कार. आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण निदानाला लागणारे जवळजवळ सगळे आपण त्यात स्वतःच लिहिले आहे. काटा केव्हा सरकतो, कोणत्या दिशेने सरकतो, त्या वेळी कोणता दिवा चालू असतो, हे इतक्या नेमकेपणाने फार कमी लोक सांगतात. काळजी वाटली ती एकाच वाक्याची : काट्यांकडे पाहणेच सोडले आहे. काटा एकदा खोटा ठरला की तो नेहमीच खोटा, असे मन धरून चालते, आणि ज्या दिवशी तो खरे सांगत असतो त्या दिवशीही आपण पुढे जात राहतो. त्यामुळे मीटर आणि भंगार हे दोन्ही प्रश्न थोडे बाजूला ठेवून आधी काटा नेमके काय सांगतो ते पाहू.

पेट्रोलचा काटा पेट्रोल मोजत नाही. तो स्वतःमधून किती वीज वाहते एवढेच दाखवतो. टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, वरखाली होताना एका छोट्या पट्टीवरचा विजेचा रोध (विजेला होणारा अडथळा) बदलतो आणि त्याप्रमाणे प्रवाह कमीजास्त होतो. इंजिनावरचा तापमानाचा सेंडर, म्हणजे काट्याला खबर देणारा भाग, तोही तसाच. तो तापला की त्याचा रोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि काटा चढतो. आपल्या गाडीच्या काळातील अनेक मीटरांत काट्यामागे दोन धातूंची एक पातळ पट्टी असते, जी विजेने तापून वाकते. म्हणूनच असा काटा झटका देत नाही, हळूहळू सरकतो. हा प्रवाह बॅटरीकडून येतो वायरीने, पण परत जातो गाडीच्या पत्र्यातून आणि इंजिनाच्या धातूतून. आपले इलेक्ट्रिशियन ज्याला 'अर्थ' म्हणतात, ती ही परतीची वाट. हेडलाइट, ब्रेकचे दिवे, हॉर्न, वायपर, सगळ्यांची वीज याच वाटेने परतते. वाटेत एखादा सांधा गंजला की मोठा प्रवाह तिथे अडतो, सांध्याच्या दोन बाजूंना विजेच्या दाबाचा (व्होल्टचा) फरक पडतो, आणि त्याच वाटेवर अवलंबून असलेला बिचारा काटा हेडलाइटचे ओझे आपले म्हणून दाखवू लागतो.

थोडे आकडे घेतले तर हे स्पष्ट होईल. पंचावन्न वॉटचे दोन हेडलाइट बारा व्होल्टवर साधारण ९ अँपियर घेतात. सांध्यात फक्त ०.१ ओहम इतका रोध आला तरी तिथे सुमारे ०.९ व्होल्ट खर्ची पडतात. एकवीस वॉटचे ब्रेकचे दोन दिवे साधारण साडेतीन अँपियर घेतात, म्हणजे तिथेही एक तृतीयांश व्होल्टचा फरक. आपला काटा ब्रेक दाबल्यावर उतरतो त्याचे कारण इथे दिसते : ब्रेक आणि पेट्रोल यांचा एरवी काहीही संबंध नाही, पण मागच्या दिव्यांचा अर्थ आणि टाकीतल्या सेंडरचा अर्थ पुष्कळ गाड्यांत मागच्या बाजूला जवळजवळ एकाच जागी पत्र्याला जोडलेले असतात.

आता आपल्या पत्रातील सर्वांत बोलकी गोष्ट. आपले दोन काटे उलट दिशांनी सरकतात, एक वर आणि एक खाली. बिघाड मीटरच्या आत असता, किंवा दोन्ही काट्यांना ठरावीक दाब पुरवणाऱ्या स्टॅबिलायझरमध्ये असता, तर दोन्ही काटे बहुधा एकाच दिशेने गेले असते : दाब वाढला तर टाकी भरलेली आणि इंजिन तापलेले, कमी झाला तर टाकी रिकामी आणि इंजिन थंड. (टाकी भरल्यावर ज्यांच्या सेंडरचा रोध कमी होतो त्या गाड्यांना हे लागू आहे, काही गाड्यांत रचना उलटी असते, म्हणून आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत एकदा पाहून घ्यावे.) उलट दिशांचा अर्थ बहुधा असा, की इंजिन आणि पत्रा यांना जोडणारी पट्टी एकीकडे कमजोर झाली आहे आणि मागच्या बाजूचा अर्थ दुसरीकडे. म्हणजे दोन सांधे. त्यासाठी मीटर बदलले, तर नवे मीटरही रात्री हेच दाखवील, आणि अठरा हजार रुपये गेल्यावर आपल्याला वाटेल की गाडीच गेली. फ्लोट आणि बॅटरी बदलताना हेच घडले आहे. एखादा भाग बदलून पाहणे हे निदान नव्हे. मी माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत टाकीचा फ्लोट दोनदा बदलला होता. शेवटी मागच्या दिव्याजवळचा एक गंजलेला स्क्रू घासल्यावर काटा जागेवर आला. ते दोन फ्लोट निरोगी होते.

मात्र विजेचा दोष मानण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करावीच लागेल : इंजिन खरोखरच तापत नाही ना? ओळखण्याची सोपी रीत अशी. संध्याकाळी गाडी नेहमीच्या तापमानावर आली की ती सोसायटीच्या आवारात इंजिन चालू ठेवून उभी करा, हेडलाइट लावा आणि काटा चढू द्या; मग दिवे बंद करा. मिनिट-दोन मिनिटांत काटा परत खाली आला तर तो विजेचा खेळ, कारण खरी उष्णता दिव्याचे बटण बंद करून उतरत नाही. काटा वरच राहिला, किंवा दिवे बंद असतानाही सिग्नलला चढून गाडी धावू लागल्यावर उतरू लागला, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि फ्यूज पाहायला हवा. इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळीही पाहा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वरही द्रवरूपात असते आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येते. आणखी एक धोका बहुतेकांना माहीत नसतो : कूलंट खूप कमी झाले आणि सेंडर पाण्याबाहेर हवेत उघडा पडला, तर इंजिन जळण्याच्या बेतात असताना काटा उलट खाली दिसू शकतो. घाटात किंवा पूर्व द्रुतगती मार्गाच्या कोंडीत तापमानाचा काटा एकाएकी 'थंड'वर आला, तर हायसे वाटून घेऊ नका, गाडी बाजूला घ्या.

आता मूळ चाचणी. तिला एक जाड जंप-केबल पुरते. शेजाऱ्यांकडे बहुधा मिळतेच. चावी बंद ठेवून केबलचे एक टोक इंजिनाच्या स्वच्छ, उघड्या धातूला लावा आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला. केबल पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर राहील असे पाहा. मग इंजिन सुरू करून हेडलाइट लावा. तापमानाचा काटा आता जागचा हलला नाही, तर दोषी सापडला : बॅटरी, पत्रा आणि इंजिन यांना जोडणाऱ्या पट्ट्यांपैकी एक. मागच्या बाजूसाठी साधी लांब वायर चालते. तिचे एक टोक मागच्या दिव्याच्या अर्थच्या स्क्रूला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावून ब्रेक दाबून धरा आणि पेट्रोलच्या काट्याकडे पाहा. इथे मात्र माझे स्पष्ट सांगणे आहे, की टाकीजवळ उघडी वायर घेऊन काहीही करू नये. टाकीच्या तोंडाशी सेंडरची वायर धातूला टेकवून पाहण्याची रीत गॅरेजमध्ये सर्रास चालते. पेट्रोलच्या वाफेत एक ठिणगी पुरते. जोडणी चावी बंद असताना, टाकीपासून दूर, दिव्याच्या बाजूलाच करावी, आणि हात धजत नसतील तर ही दुसरी चाचणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

आकड्यांवर अधिक विश्वास असेल तर लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. जुनी गाडी ठेवणाऱ्याच्या घरी तो असावाच. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. यानंतर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे इंजिनाच्या धातूवर ठेवून, दिवे आणि ब्लोअर चालू असताना वाचन घ्या. ते ०.२ व्होल्टच्या आत असेल तर सांधा ठीक. त्याहून जास्त असेल तर तो उघडून पाहायलाच हवा. पत्र्याचेही असेच वाचन घ्यावे. इलेक्ट्रिशियनने 'अर्थ ठीक आहे' असे तोंडी सांगितले तर आदराने हे वाचन दाखवा. चांगला कारागीर त्याला मान देतो.

हे सांधे का बिघडतात, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. आपल्या घरातले पितळेचे भांडे कल्हई गेल्यावर जसे हिरवे पडते आणि त्यात ठेवलेले ताक कळकते, तशीच तांब्याची वायर खाऱ्या दमट हवेत हिरवी पडते, आणि तो हिरवा थर वीज नीट वाहू देत नाही. त्यात आपल्या गाडीने २६ जुलै पाहिला आहे. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, आणि कलिना तर तिथून हाकेच्या अंतरावर. आसनांपर्यंत चढलेले ते पाणी साधे पावसाचे नव्हते, गटारांचे आणि मिठीचे होते. आसने सुकतात, गालिचा बदलता येतो, पण गालिच्याखालून मागे जाणाऱ्या वायरींच्या कनेक्टरांत शिरलेला गाळ आणि क्षार तिथेच राहतात आणि पुढची वीस वर्षे प्रत्येक पावसाळ्यात थोडे थोडे खात राहतात. आपला त्रास पावसाळ्यात सुरू झाला तो बहुधा यामुळेच. म्हणून दोन अर्थ घासल्यावर दाराच्या उंबऱ्याशेजारचा गालिचा उचलून तिथले कनेक्टर एकेक करून उघडून पाहावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. इथे उंदरांच्या दातांच्या खुणाही सापडतील. उघड्यावर लावलेल्या गाड्यांत त्या सर्रास असतात.

सांधा साफ करणे हे एका रविवारच्या सकाळचे काम आहे. हातातील घड्याळ, अंगठी, कडे काढून ठेवा. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सर्वांत आधी सोडा आणि सर्वांत शेवटी जोडा. अर्थचा बोल्ट सोडून लग (वायरीच्या टोकाचे धातूचे कडे), पत्रा आणि वॉशर पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. रंगावर आवळलेला लग वरून कितीही घट्ट दिसला तरी उपयोगाचा नाही. दातेरी वॉशर टाकून आवळा आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. इंजिनाची विणलेली पट्टी काळी पडली असेल, तिचे तंतू तुटले असतील, तर ती घासत बसू नका, नवी बसवा. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात ती मिळते आणि आपल्याला सांगितलेल्या खर्चापुढे तिची किंमत नगण्य आहे.

बॅटरीच्या फिकट लाल दिव्याचा विचार मी वेगळा करीन, कारण त्याचा या सांध्यांशी संबंध असेलच असे नाही. हा दिवा चावीकडून येणारा दाब आणि अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा, दाब यांच्यातल्या फरकावर पेटतो. दोन्ही सारखे असले की तो विझतो, थोडा फरक राहिला की फिकट पेटतो. चावीच्या स्विचचे किंवा फ्यूज बॉक्सचे झिजलेले संपर्क हे एक कारण; अल्टरनेटरमधला एखादा डायोड जाणे हे दुसरे. अर्थ दुरुस्त केल्यावर दिवा तसाच राहिला आणि चार्जिंगचे वाचन १३.८ च्या खाली किंवा १५ च्या वर असेल, तर अल्टरनेटर उघडावा. पण हा दिवा धावत्या गाडीत एकदम लख्ख पेटला, तर पुढचे पेट्रोल पंप किंवा ओळखीचे गॅरेज गाठण्याच्या मोहात पडू नका. आपल्या गाडीच्या पिढीत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप बहुधा एकाच फॅन बेल्टवर चालतात; बेल्ट तुटला असेल तर काही मिनिटांत इंजिन तापेल. आणि ऑइलचा दिवा पेटला तर क्षणाचाही विचार न करता इंजिन बंद करा. त्या दिव्याचा स्विच खराब असू शकतो, पण ते इंजिन बंद करून तपासायचे असते, चालवून नव्हे.

वायरिंग नवे करण्याबद्दल माझे मत आपल्या इलेक्ट्रिशियनच्या अगदी विरुद्ध नाही, फक्त क्रम वेगळा आहे. पुरात बुडालेल्या गाडीत गालिच्याखालचा एखादा तुकडा बदलावा लागेलही. मात्र संपूर्ण वायरिंग कापून गॅरेजमध्ये नवे ओवले, की कंपनीचे रंग जातात, जाडी जाते, आणि पुढच्या कारागिराला नकाशाच उरत नाही. मीटरबद्दल आणखी एक अडचण आहे. जुन्या बाजारातल्या मीटरवर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर असतात. बदलावेच लागले तर आधीच्या आणि नव्या मीटरचे वाचन तारखेसह लिहून ठेवा आणि पुढे गाडी विकताना ते घेणाऱ्याला सांगा.

आपल्या भावाचे म्हणणे प्रेमापोटीचे असेल, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली दिसते. वयाच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. पण २० वर्षांची ती मर्यादा टॅक्सींची होती. पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध आपण ऐकतो ते दिल्ली परिसरातले. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, आणि आपण ती वाढवलीही आहे. गाडी ठेवायची की नाही हा प्रश्न त्यामुळे कायद्याचा राहत नाही. तो पत्र्याचा आहे. खालचा सांगाडा, सस्पेन्शनच्या जागा, दारांखालचे उंबरे एखाद्या पत्राकाम करणाऱ्याकडून गाडी वर उचलून तपासून घ्या. तिथे गंजाने भोके पडली असतील तर मी स्वतः ती गाडी ठेवणार नाही, मग काटे कितीही अचूक होवोत आणि ती वडिलांची असो. तिथे पत्रा शाबूत असेल, तर दोन गंजलेल्या सांध्यांसाठी ती भंगारात देणे मला पटत नाही.

पत्नीच्या भीतीला मात्र कोणी हसू नये. ज्या सांध्यात ९ अँपियरला ०.१ ओहमचा रोध आहे, तिथे सुमारे आठ वॉट उष्णता सतत तयार होत असते. बोटाला चटका बसेल आणि शेजारचे वेष्टण हळूहळू वितळेल इतकी ती असते. म्हणून अर्ध्या तासाच्या रात्रीच्या फेरीनंतर गाडी बंद करून फ्यूज बॉक्स आणि कनेक्टर हाताने चाचपून पाहा. जो गरम लागेल तो आधी उघडा. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा चांदीचा कागद कोणी लावला असेल, म्युझिक सिस्टिमसाठी वायरी पिळून नुसती टेप गुंडाळली असेल, तर ते आजच काढा. काम पूर्ण होईपर्यंत रात्री शक्यतो गाडी काढू नका, टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका आणि दर वेळी भरताना किलोमीटर वहीत लिहा. ईस्टर्न फ्रीवेवर पेट्रोल संपून थांबणे जिवावर बेतू शकते. आणि सांधे साफ झाल्यावर पत्नीला शब्दांनी समजावण्याऐवजी अंधार पडल्यावर आवारात गाडी सुरू करून शेजारी बसवा, हेडलाइट लावा, ब्रेक दाबून धरा, आणि काटे पाच मिनिटे त्यांनाच पाहू द्या.